पुरानंतरचे दुसरे वर्ष

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचे रक्षण करणारे बांध व कालव्यांच्या भिंती जागोजागी फुटल्या. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. समुद्रसपाटीहून खोलगट वस्त्यांतले पाणी आपोआप ओसरण्यासारखे नव्हते. पंपांनी ते उपसून काढेपर्यंत ऑक्टोबर उजाडला. तोवर शहरातल्या राहत्या घरांपैकी दर दहांमागे सात घरांचे नुकसान झाले होते. ही संख्या १ लाख ३४ हजारांच्या आसपास जाते. अमेरिकी समाजाने या संकटाला दिलेला प्रतिसादही तेवढाच मोठा होता. पहिल्या दोन वर्षांत दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक आखाती किनाऱ्यावर येऊन राबले आणि त्यांतले पुष्कळ जण चर्चच्या वतीने निघणाऱ्या ‘मिशन ट्रिप’मधून आले होते. पंधरा-वीस जणांचा गट, आठवड्याची रजा, प्रवासखर्च ज्याचा त्याने किंवा सगळ्यांनी वर्गणी काढून केलेला, रात्री एखाद्या चर्चच्या सभागृहात पथारी आणि दिवसभर कुणा अनोळखी माणसाच्या पूरग्रस्त घरात काम, अशी या सेवेची रीत. आठवडा संपला की हा गट परतायचा आणि त्याच्या जागी दुसरा यायचा.

या माणसांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचे मला काहीच कारण दिसत नाही. हक्काची सुट्टी दुसऱ्याच्या घरातला सडका गाळ उपसण्यात घालवणे ही लहान गोष्ट नाही, आणि ज्या समाजात लाखो लोक हे करतात त्या समाजाकडून घेण्यासारखे खूप आहे. पण हेतू चांगला असणे आणि मदत उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची तपासणी पहिलीच्या आदरापोटी टाळता येत नाही. आठवडाभरासाठी आलेल्या, बांधकामाची ओळखही नसलेल्या माणसाच्या श्रमातून पूरग्रस्ताचे घर खरोखर उभे राहते का? राहत असेल, तर कोणत्या अटींवर? माझे म्हणणे असे की पूरग्रस्त घराला सर्वांत जास्त उणीव भासते ती सातत्याची. हात पुष्कळ येतात. पाणी ओसरल्यापासून शेवटची खोली रंगवून होईपर्यंत त्या घरावर नजर ठेवणारे कोणी नसते. म्हणून स्वयंसेवकाचा आठवडा मदत ठरायचा असेल, तर तो तिथेच ठाण मांडून बसलेल्या कुणाच्या तरी दीर्घ कामात बसवला गेला पाहिजे, आणि त्या कामाची यादी, क्रम व वेळ घरमालकाने आणि स्थानिक संस्थेने ठरवली पाहिजे. ही व्यवस्था नसेल तर तोच आठवडा वाया जातो आणि प्रसंगी अपायही करतो.

हे समजून घ्यायचे तर बुडालेले घर आतून पाहावे लागते. न्यू ऑर्लिन्समधली बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची. उभ्या लाकडी वाशांवर जिप्समचे तक्ते ठोकून भिंत केलेली असते. पाणी चार फुटांपर्यंतच चढले तरी कागदाने मढवलेला तक्ता ते वरवर शोषत नेतो आणि बंद, दमट घरात काळपट-हिरवी बुरशी छतापर्यंत पोचते. त्यामुळे पहिले काम म्हणजे घर सांगाड्यापर्यंत सोलून काढणे. फुगलेल्या गाद्या, सोफे, पुस्तके, लग्नाचे अल्बम हे सगळे ओढून रस्त्याच्या कडेला रचायचे. फ्रिज उघडायचा नाही. आतले अन्न महिनोन्महिने सडलेले असते, म्हणून दारावर चिकटपट्टीचे वेढे देऊन तो तसाच बाहेर काढायचा. मग तक्ते, भिंतीत भरलेला उष्णतारोधक थर, कुजलेली लाकडी जमीन आणि वाशांत उरलेला प्रत्येक खिळा उपटायचा. नाकातोंडावर मास्क, पायांत गमबूट आणि लुइझियाना राज्यातला उकाडा, असे हे काम कष्टाचे आहे, पण शिकायला अवघड नाही. थोड्याशा सूचनांवर कोणताही धडधाकट माणूस ते करू शकतो, आणि एक गट दोन-तीन दिवसांत घर रिकामे करतो. विमा नसलेल्या म्हाताऱ्या घरमालकिणीला हेच काम ठेकेदाराकडून करून घ्यायचे तर हजारो डॉलर मोजावे लागले असते. इथे स्वयंसेवकाचे मोल वादातीत आहे.

अडचण त्यानंतर सुरू होते. उघडा पडलेला सांगाडा बुरशीनाशकाने धुऊन वाळू द्यावा लागतो. लाकडात ओल किती उरली हे एका लहान यंत्राच्या दोन सुया वाशात टोचून पाहतात. आकडा साधारण १५ टक्क्यांच्या आसपास उतरल्याशिवाय भिंत बंद करायची नसते. घाईने बंद केली तर ओल आत कोंडते आणि काही महिन्यांत तीच बुरशी नव्या रंगातून वर येते. वाळण्याला आठवडे लागतात, दमट हवेत त्याहून जास्त. मग परवानाधारक वायरमन, प्लंबर, पालिकेची तपासणी, नवे तक्ते, सांधे, रंग, असा क्रम असतो. तक्ते ठोकणे नवख्यालाही जमते, पण दोन तक्त्यांमधला सांधा पुट्टीने असा भरणे की खिडकीतून तिरपा उजेड आला तरी तो दिसू नये, हे कसबी हाताचे काम. आता ओल २० टक्क्यांच्या वर आहे आणि दारात उत्साहाने आलेला गट उभा आहे, अशी स्थिती घ्या. त्यांना परतण्याआधी भिंत उभी राहिलेली पाहायची आहे, आणि ही इच्छा स्वाभाविक आहे. अशा वेळी ‘या घरात आज काम नाही, दुसरीकडे चला’ असे सांगणारा कोणी हवा आणि पुढच्या महिन्यात येऊन पुन्हा सुई टोचून पाहणाराही हवा. आठवड्याच्या पाहुण्याला हा निर्णय घेता येत नाही, कारण निर्णय चुकला तर ती चूक उघडी पडेल तेव्हा तो तिथे नसतो. चुकीचे परिणाम ज्याला भोगावे लागतील किंवा निस्तरावे लागतील, अधिकार त्याच्याकडेच असला पाहिजे.

ज्यांनी हे ओळखले त्यांच्या कामाची घडणच वेगळी आहे. ‘मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस’ ही मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची संस्था १९५० मध्ये कॅन्सस राज्यातल्या हेस्टन गावी सुरू झाली. तिच्या प्रकल्पांवर आठवड्याचे स्वयंसेवक येत-जात राहतात, पण प्रकल्पप्रमुख, कामावरचे मुकादम आणि स्वयंपाकघर सांभाळणारी माणसे बराच काळ मुक्कामाला असतात. बातम्यांतून पूर नाहीसा झाल्यावरच्या लांब पल्ल्याच्या बांधणीवर तिचा भर असतो, आणि कुणाचे घर आधी हे ठरवण्यात स्थानिक पुनर्वसन समित्यांना महत्त्व असते. दुसरे उदाहरण न्यू ऑर्लिन्सला लागून असलेल्या सेंट बर्नार्ड परगण्याचे. तिथे जवळजवळ एकही घर पाण्यातून सुटले नव्हते. लिझ मॅककार्टनी आणि झॅक रोझेनबर्ग हे जोडपे २००६ मध्ये वॉशिंग्टनहून स्वयंसेवक म्हणून तिथे गेले, परिस्थिती पाहून तिथेच राहिले आणि त्यांनी ‘सेंट बर्नार्ड प्रोजेक्ट’ उभा केला. अमेरिकॉर्प्स या राष्ट्रीय सेवायोजनेतले तरुण तिथे बरेच महिने राहून एकेका घराची जबाबदारी घेत आणि आठवड्यापुरते आलेले गट त्यांच्या हाताखाली काम करत. पुढे टोयोटा कंपनीच्या तज्ज्ञांनी या संस्थेला कामाचा क्रम, साहित्याची पोच आणि घरनिहाय वेळापत्रक बसवून दिले, तेव्हा एक घर पुरे होण्याचा सरासरी काळ ११६ दिवसांवरून ६१ दिवसांवर आला. स्वयंसेवक पूर्वीसारखेच नवखे होते आणि त्यांचे आठवडेही तेवढेच होते. बदलला तो त्यांच्या भोवतीचा बंदोबस्त. माझ्या म्हणण्याला याहून थेट पुरावा मला दुसरा दिसत नाही.

टिकून राहण्याचे महत्त्व चुकांच्या वेळी सर्वांत ठळक दिसते. कतरिनानंतर बांधलेल्या अनेक घरांत चीनहून आयात झालेले सदोष जिप्समचे तक्ते वापरले गेले. त्यांतून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूंनी तांब्याच्या तारा आणि एसीची वेटोळी काळी पडून निकामी होऊ लागली. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेने स्वयंसेवकांच्या हातून बांधलेल्या म्युझिशियन्स व्हिलेज या वसाहतीतही हे तक्ते निघाले. सुरुवातीला रहिवाशांच्या तक्रारींना हवा तसा प्रतिसाद मिळाला नाही, पण संस्था शहरात कायमची होती, तिला रोज त्याच लोकांसमोर जायचे होते, आणि अखेर तिने घरे पुन्हा सांगाड्यापर्यंत उघडून दुरुस्तीचे काम हाती घेतले. याउलट अभिनेता ब्रॅड पिट याने २००७ मध्ये स्थापन केलेल्या ‘मेक इट राइट’ संस्थेचे झाले. तिने शहराच्या लोअर नाइन्थ वॉर्ड या भागात नामवंत वास्तुरचनाकारांकडून आराखडे घेऊन शंभराहून अधिक घरे बांधली. दीडशे घरांचा संकल्प होता, जगभर कौतुक झाले. पण इतक्या पावसाच्या शहरात काही घरांची छपरे सपाट आणि वळचणी अपुऱ्या. लाकूड कुजू लागले, गळती आणि बुरशी सुरू झाली. तोवर संस्थेचा तिथला वावर आटला होता आणि २०१८ मध्ये रहिवाशांना न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. पैसा, प्रसिद्धी आणि सदिच्छा दोन्हीकडे होत्या. तक्रार ऐकायला माणूस जाग्यावर आहे की नाही, यावर पुढचे सगळे ठरले.

यावर सर्वांत जुना आक्षेप पैशाचा आहे. माणसे पाठवण्यापेक्षा तेवढी रक्कम पाठवा, असे म्हणणाऱ्यांकडे भक्कम पुरावा आहे. १९९८ च्या ऑक्टोबरअखेरीस मिच चक्रीवादळाने मध्य अमेरिकेत हजारो बळी घेतले. होंडुरासमध्ये पुरांनी आणि दरडींनी गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट तिथे घरे बांधायला गेले. होंडुरासमध्ये दीर्घकाळ राहिलेले समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी या कामाचा अभ्यास करून २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. गटांनी बांधलेल्या एका घरामागे, प्रवासखर्च धरून, सुमारे ३० हजार डॉलर पडले होते. स्थानिक ख्रिस्ती संस्था घर २ हजार डॉलरमध्ये बांधत होती. घर परदेशी पाहुण्यांनी बांधले की होंडुरासच्या गवंड्यांनी, याने त्या कुटुंबांच्या पुढच्या आयुष्यात फरक पडल्याचेही त्यांना आढळले नाही. हे आकडे मला निर्णायक वाटतात, पण त्यांचा आवाका ओळखून. जिथे गवंडी बेकार बसले आहेत, मजुरी स्वस्त आहे आणि पाहुणे विमानाने समुद्र ओलांडून येतात, तिथे माणूस पाठवणे ही उधळपट्टी आहे. तिथे पैसेच पाठवावेत. न्यू ऑर्लिन्समध्ये मजुरी चढलेली होती, ठेकेदार मिळत नव्हते आणि पुष्कळ गट शेजारच्या राज्यांतून मोटारींनी येत होते. तिथे फुकटच्या श्रमाने घरखर्चाचा मोठा भाग वाचत होता. दुसरे असे की नुसता पैसाही घर बांधत नाही. आगाऊ रक्कम घेऊन बेपत्ता झालेल्या ठेकेदारांनी लुबाडलेली कुटुंबे न्यू ऑर्लिन्समध्ये कमी नव्हती. हाती पैसा आला, पण कामावर लक्ष ठेवणारे कोणी नव्हते, म्हणून तो गेला. श्रम असोत की रक्कम, दोन्हींना तीच अट लागू पडते: मागे उभे राहणारे कोणी असले पाहिजे.

दुसरा युक्तिवाद मिशन ट्रिपच्या बाजूचा आहे आणि तो मोठ्या मायेने मांडला जातो. घर बांधले जावो न जावो, जाणारा माणूस बदलतो. त्याला गरिबी दिसते, त्याचे मन मोठे होते, तो आयुष्यभर देऊ लागतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनो यांच्या अंदाजानुसार या शतकाच्या पहिल्या दशकात दरवर्षी सुमारे १६ लाख अमेरिकी चर्च-सदस्य अल्प मुदतीच्या मिशन ट्रिपवर परदेशी जात होते. एवढ्या लोकांचे जीवन खरोखर पालटत असते तर त्याच्या खुणा सर्वत्र दिसायला हव्या होत्या. व्हर बीक यांनी होंडुरासहून परतलेल्यांच्या देणग्यांचा माग घेतला तेव्हा, मोजक्या जणांचा अपवाद वगळता, देण्यात टिकाऊ वाढ दिसली नाही. जिथे परतल्यानंतरही पाठपुरावा आणि संबंध राहतो तिथेच बदल टिकतो, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. म्हणजे इथेही सातत्यच. पण समजा बदल घडलाच, तरी मूळ आक्षेप उरतो. ज्या बाईचे आयुष्यभराचे सामान रस्त्यावर ढीग होऊन पडले आहे तिचे घर ही कुणाच्या आत्मिक वाढीची पाठशाळा होऊ शकत नाही. शिकणे हे चांगल्या कामाचे आनुषंगिक फळ असावे. तेच उद्दिष्ट झाले की कामाची प्रत, घरमालकाची सोय आणि तिची अब्रू या गोष्टी मागे पडतात. तिच्या परवानगीवाचून तिच्या ढिगाऱ्यापुढे उभे राहून फोटो काढू नये, एवढा साधा नियमही अनेक संस्थांना लेखी घालावा लागला, यातच सगळे आले.

तिसरा आक्षेप रोजगाराचा. फुकट राबणारी माणसे आल्याने स्थानिक कारागिरांच्या पोटावर पाय येतो, असे म्हटले जाते. होंडुरासबाबत हे खरे आहे. न्यू ऑर्लिन्सबाबत मात्र मजुरांचे नुकसान कुणी केले हे नीट पाहिले पाहिजे. सरकारी ठेक्यांवर प्रचलित दराने वेतन देण्याचा नियम तिथे २००५ च्या सप्टेंबरपासून दोन महिने स्थगित केला गेला होता. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या मजुरांची मजुरी बुडवल्याच्या तक्रारी सर्रास होत्या. आणि मिसिसिपी व टेक्सासमधल्या गोद्यांत दुरुस्तीच्या कामासाठी भारतातून सुमारे ५०० वेल्डर आणि पाइपफिटर नेले गेले. कायमच्या वास्तव्याच्या आशेने त्यांनी दलालांना लाखो रुपये मोजले होते आणि प्रत्यक्षात त्यांना कोंदट छावण्यांत दाटीवाटीने राहावे लागले. २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या न्यायालयात त्यांच्यातल्या पाच जणांना ज्यूरीने १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई दिली. हे शोषण चर्चच्या गटांनी केले नाही. तरीही आक्षेपातला गाभा घ्यायला हवा. ज्या घरमालकाला पैसे देऊन काम करून घेणे शक्य आहे त्याच्या घरी स्वयंसेवकाने जाऊ नये. आणि वायरिंग, प्लंबिंग, पुट्टीचे शेवटचे हात अशा कसबी कामांसाठी संस्थेने स्थानिक कारागिरांना रास्त मजुरी द्यावी. ज्या कामाला गिऱ्हाईकच नाही, कारण ते करून घेणाऱ्याकडे पैसा नाही, ते काम स्वयंसेवकाचे.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. न्यू ऑर्लिन्स बुडाले ते केवळ वादळाने नव्हे. शहराचे बांध आणि पूरभिंती लष्कराच्या अभियंता दलाने बांधल्या होत्या, आणि त्यांच्या रचनेत दोष होता हे त्या दलाने २००६ च्या जूनमध्ये स्वतःच्या अहवालातून मान्य केले. घरदुरुस्तीच्या अनुदानासाठी आखलेल्या ‘रोड होम’ योजनेत रक्कम ठरवताना दुरुस्तीचा खर्च आणि घराची पुरापूर्वीची बाजारातली किंमत यांतला लहान आकडा धरला जात असे. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत तशाच घराला बाजारात कमी भाव असल्याने, दुरुस्तीचा खर्च सारखाच असूनही त्यांच्या हाती कमी पैसे पडले. २००८ मध्ये याविरुद्ध दावा झाला आणि २०११ मध्ये तडजोड होऊन सुमारे ६ कोटी २० लाख डॉलर अधिक देण्याचे ठरले, पण तोवर सहा वर्षे उलटली होती. मग सरकारने केलेल्या नुकसानीची भरपाई परोपकारी लोकांनी आपल्या सुट्ट्या खर्चून करायची का? त्यांनी नुकसान भरून काढले की सरकारवरचा दाब कमी होत नाही का? होतो, आणि हा धोका खरा आहे. पण त्यावर उपाय म्हणून आजच्या कुटुंबाला आणखी दोन वर्षे तात्पुरत्या ट्रेलर-घरात बसवून ठेवता येणार नाही. त्याच्या हालअपेष्टांवर धोरणाची लढाई लढणे अन्यायाचे होईल. उपाय असा की ज्याने त्या घरात काम केले त्याने परत गेल्यावर साक्षही द्यावी. कोणत्या नियमामुळे हे घर तीन वर्षे अर्धवट राहिले, हे त्याला आता ठाऊक असते. आपल्या लोकप्रतिनिधीला ते लिहिणे, अनुदानाच्या सूत्राबद्दल जाब विचारणे, पुढच्या अर्थसंकल्पात बांधांसाठी किती तरतूद आहे हे पाहणे, हा हातोडा खाली ठेवल्यानंतरचा त्याच सेवेचा उत्तरार्ध आहे. तो झाला नाही तर सेवा अपुरी राहते.

धर्माचा प्रश्नही टाळून चालणार नाही, कारण भारतीय वाचकाच्या मनात तो सर्वांत आधी येतो. संकटात सापडलेल्या माणसाला घर देताना आपला देवही सोबत देण्याचा मोह सर्व धर्मांच्या संस्थांना होऊ शकतो. रेडक्रॉस चळवळ आणि आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी १९९४ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेत मदत कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी वापरली जाणार नाही असे तत्त्व आहे. मला ही रेषा योग्य वाटते. श्रद्धेपोटी कुणी राबत असेल तर त्या श्रद्धेचा मान राखावा. पण घराच्या यादीतला क्रमांक प्रार्थनेला येण्यावर अवलंबून असता कामा नये, आणि मदत घेणाऱ्याला नाही म्हणायची मुभा खरोखर असली पाहिजे. यादी स्थानिक, सर्वधर्मीय समितीकडे असली की हा धोकाही कमी होतो. मदत देणारा आणि लाभार्थी निवडणारा एकच असू नये, या नियमाने पक्षपाताचे बरेच दरवाजे बंद होतात.

या चर्चेचा महाराष्ट्राशी संबंध जोडायला ओढाताण करावी लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली, कोल्हापूर, शिरोळ बुडाले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. दोन्ही वेळी राज्यभरातून टेम्पो भरभरून कपडे, धान्य, पाण्याच्या बाटल्या आल्या, तरुणांच्या तुकड्या फावडी घेऊन गाळ काढायला धावल्या, आणि त्या धावण्याबद्दल महाराष्ट्राला अभिमान वाटला तो रास्तच होता. पण आपली धाव बहुतांशी पहिल्या पंधरवड्यात संपते. मातीच्या भिंतीचे घर पाणी असताना उभे राहते आणि पाणी ओसरून भिंत वाळताना, मदतीचे टेम्पो परतल्यावर, खचते. विटांच्या घरात ओल जिरण्याआधी गिलावा केला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोपडे सुटतात. पंचनाम्यात घर ‘अंशतः पडले’ की ‘पूर्ण’, एवढ्या एका शेऱ्यावर अनुदानाचा आकडा बदलतो, आणि कागद लावून धरायला म्हाताऱ्या माणसाजवळ कोणी नसते. सातत्याचा धडा आपल्याला परदेशातून आणावा लागेल असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि त्याहून कितीतरी अधिक गावांत घरमालकांनीच सरकारी मदतीने आपापली घरे दुरुस्त करून मजबूत केली. या दुसऱ्या योजनेत गावोगावी ‘संवाद सहायक’ म्हणून स्थानिक स्त्रिया उभ्या राहिल्या. हप्ता का अडला, सिमेंट कुठे आहे, गवंडी सांगितल्याप्रमाणे बांधतो आहे का, हे त्या पाहत होत्या. त्या बायका गावातच राहणाऱ्या होत्या, आणि हीच त्यांची सर्वांत मोठी पात्रता होती.

इतक्या अटी घातल्या तर कोण जाईल, असे कुणी विचारेल. उत्साहाला नियमांचे जू लावले की तो मरतो, ही भीती मी समजू शकतो. पण अनुभव उलट सांगतो. ज्या संस्थांनी स्वयंसेवकाला शिस्त लावली, त्याला कोणते काम जमणार नाही हे स्पष्ट सांगितले आणि कधीकधी त्याला काम नाकारले, त्याच संस्थांकडे माणसे वर्षामागून वर्षे येत राहिली. आपल्या श्रमाचा नेमका उपयोग झाला हे कळणे, याहून टिकाऊ प्रेरणा नाही. दिवसभर राबून संध्याकाळी कळावे की उद्या दुसरा गट हीच भिंत पुन्हा पाडणार आहे, याने उत्साह जितका मरतो तितका कोणत्याही नियमाने मरत नाही.

म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने निघण्याआधी काही प्रश्नांची उत्तरे मागावीत. मी ज्या घरी जाणार ते कुणी निवडले? माझ्या आधी तिथे काय झाले आणि माझ्यानंतर कोण येणार? मी केलेले काम चुकीचे निघाले तर ते कोण निस्तरेल, आणि त्यासाठी त्याच्याकडे पैसा आहे का? माझ्या प्रवासाचा खर्च त्या गावच्या गवंड्याच्या मजुरीहून जास्त होतो का? उत्तरे मिळाली तर खुशाल जावे, आणि शक्यतो पहिल्या महिन्यात न जाता दुसऱ्या वर्षी जावे, जेव्हा कॅमेरे गेलेले असतात, अनुदानाचे पैसे संपलेले असतात आणि सांगाडा वाळून तक्त्यांची वाट पाहत असतो. उत्तरे मिळाली नाहीत तर प्रवासाचे पैसे अशा संस्थेला द्यावेत जी एका मुकादमाचा वर्षभराचा पगार त्यातून भागवेल. देणगीदारांना पगारासाठी पैसे देणे आवडत नाही. त्यांना विटा, पत्रे आणि नावाची पाटी आवडते. ही आवड बदलली पाहिजे. एका स्थानिक मुकादमाचा पगार शेकडो स्वयंसेवकांच्या आठवड्यांना अर्थ देतो. आणि सरकारांनी पूरग्रस्त तालुक्यात पंचनाम्याच्या दिवसापासून शेवटचे घर पुरे होईपर्यंत निदान तीन वर्षे टिकेल असे, स्थानिक माणसांचे आणि अधिकार असलेले कार्यालय उभे करावे, ज्याच्या दारात स्वयंसेवकाने हजेरी लावून ‘मला काम सांगा’ असे म्हणावे. लोकांच्या मनात चांगुलपणा कमी नाही, हे दर पुरात सिद्ध होते. त्या चांगुलपणाला दुसऱ्या वर्षापर्यंत टिकवून धरणारी व्यवस्था उभी करणे हे आता आपले काम आहे, आणि ते पुढचा पूर येण्याआधी करायचे आहे.